पन्नास पेशींचा नियम

मी कॉलन्या मोजतो. परळच्या एका संशोधन संस्थेत गेली एकोणतीस वर्षं हेच माझं मुख्य काम आहे. तळहाताएवढ्या गोल प्लॅस्टिकच्या डिशमध्ये कर्करोगाच्या मोजक्या पेशी सोडतात, त्यांच्यावर किरण टाकतात आणि डिश दोन आठवडे उबदार कपाटात ठेवतात. किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो. ज्या पेशीला तो पुन्हा नीट जोडता येतो ती जगते आणि दुभंगत राहते, एकाच्या दोन, दोनाच्या चार. दोन आठवड्यांनी डिश जांभळ्या रंगात बुडवून धुतली की तळाशी ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे वाचलेली एक पेशी आणि तिचा सगळा वंश. त्यालाच आम्ही कॉलनी म्हणतो.

ठिपक्यात निदान पन्नास पेशी असतील तरच ती कॉलनी. एकोणपन्नास असतील तर ती पेशी मेली असं धरायचं, मग ती डोळ्यांसमोर बसलेली का असेना. पाच वेळा दुभंगली तर बत्तीस होतात, सहा वेळा दुभंगली तर चौसष्ट. पन्नासच्या पुढे गेली म्हणजे तिच्यात अजून दम आहे. नव्या मुलांना हा नियम विचित्र वाटतो. मला कधी वाटला नाही. कुठेतरी रेघ मारावी लागते आणि मारली की ती पाळावी लागते.

मोजायची पद्धत साधी आहे. डिश उलटी करून उजेडाच्या पेटीवर ठेवायची. उजव्या हातातल्या पेनाने प्रत्येक कॉलनीच्या पाठीवर काळं टिंब द्यायचं आणि डाव्या हातातलं काउंटरचं बटण दाबायचं. बऱ्याच कॉलन्या नुसत्या डोळ्यांना कळतात. शंका आली की डिश मायक्रोस्कोपखाली न्यायची आणि आतल्या पेशी एकेक करून मोजायच्या. डिशवर फक्त क्रमांक असतो. कुठल्या डिशमध्ये औषध घातलंय आणि कुठली साधी आहे, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, कारण कळलं की मन लुडबूड करतं. ती यादी बंद पाकिटात आमच्या सरांच्या खणात असते आणि मोजणीचे आकडे वहीत चढल्यावरच पाकीट फोडतात.

हे इतकं सविस्तर सांगतोय कारण माझी चूक याच पद्धतीच्या आत झाली.

गेली काही वर्षं आमच्याकडे गिरगावची एक मुलगी पीएच.डी. करते आहे. तिचा विषय एक छोटा रेणू. पेशीत तुटलेला डीएनए जोडणारी काही प्रथिनं असतात. हा रेणू त्यांच्यातल्या एकाच्या खोबणीत जाऊन बसतो आणि ते प्रथिन कामाला येत नाही. किरणांच्या आधी तासभर डिशमध्ये घातला तर तुटलेला डीएनए तुटलेलाच राहतो. पेशी दुभंगायला जाते आणि मरते. म्हणजे तेवढ्याच किरणांत जास्त पेशी मराव्यात अशी अपेक्षा. तिच्या जवळजवळ सगळ्या डिश मी मोजल्या. ती मला काका म्हणते आणि माझ्या आकड्यांवर तिचा प्रबंध उभा होता.

त्या रेणूची गोष्ट मी घरी सांगितली होती. तेव्हा आम्ही डिलाईल रोडच्या चाळीत राहत होतो. बायको साड्यांना फॉल आणि पिको करायची, मशीन दारातच असायचं. तिला समजावं म्हणून मी म्हणालो, कापड फाटलं तर तू रफू करतेस ना, पेशीही तसं रफू करते, आमचं औषध तिला ते करू देत नाही.

ती मशीन थांबवून म्हणाली, "म्हणजे तुम्हीच फाडायचं आणि वर सुई लपवून ठेवायची."

मी हो म्हटलं.

"आणि बाजूचं चांगलं कापड फाटलं तर? त्यालाही सुई लागतेच की."

आमच्या संस्थेत याच प्रश्नावर तास तास सभा चालतात. मी दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, वहिनींना सभेला घेऊन या.

नंतर चाळ पाडायची ठरली. आम्ही संक्रमण शिबिरातल्या अकराव्या मजल्यावर आलो. चाळीतली माणसं वेगवेगळ्या इमारतींत विखुरली. जेमतेम तीन महिने झाले असतील, बायकोच्या गालाच्या आत एक चट्टा दिसला. लहानपणापासून ती मिश्री लावायची, तिची आईही लावायची. मी वीस वर्षं सांगत होतो, सोड. आता ते सांगण्यात अर्थ नव्हता. ऑपरेशन झालं आणि तेहेतीस शेक सांगितले. आमच्याकडे रेडिएशनला सगळे शेकच म्हणतात. मी संस्थेत असा शब्द कधी वापरला नसता, पण घरी मीही शेकच म्हणायला लागलो.

हॉस्पिटल माझ्या कामाच्या जागेपासून चालत नऊ मिनिटांवर होतं. ती शिबिरातून टॅक्सीने यायची, मी प्रयोगशाळेतून चालत जायचो आणि आम्ही तळमजल्यावरच्या बाकावर भेटायचो. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "तुमचं ते सुईवालं औषध मला नाही का देणार?"

मी खरं ते सांगितलं. ते अजून डिशमध्ये आहे, उंदरांतही नीट गेलेलं नाही, माणसाला कधी देता येईल ते मला सांगता येत नाही. तशी काही औषधं निघाली आहेत, पण तिच्या आजाराला डॉक्टरांनी ती सुचवली नव्हती. मी विचारलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग डिशची तरी काळजी घ्या."

आणि तिचा नंबर पुकारला गेला.

पंधराव्या शेकानंतर तिचं तोंड आतून सोलवटलं. चांगल्या कापडाचा तिचा प्रश्न आता तिच्या स्वतःच्या तोंडात होता. बोलणं बंद झालं. ती पेपरच्या कडेच्या कोऱ्या जागेत लिहून दाखवायची. पाणी कोमट. पेज पातळ करा. आज मुलीचा फोन आला तर मी झोपले म्हणा. मुलगी हैदराबादला असते, तिचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं. वही आणून दिली तरी ही पेपरवरच लिहायची. वहीत लिहिलं की राहतं, म्हणून असेल. विचारायचं राहून गेलं.

बाकावर बसल्या बसल्या मी हिशेब सांगायचो. सतरा झाले, सोळा राहिले. आज अर्ध्याच्या पुढे गेलो. मला वाटायचं, आकडा ऐकून तिला धीर येईल. एकदा तिने माझ्या हातातला पेपर ओढून घेतला आणि लिहिलं, मोजू नका, नुसते बसा. मी बसलो. पण मनात मोजत राहिलो. तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

शेक संपले. आजार सहा महिन्यांत परत आला आणि त्यानंतर चार महिन्यांनी ती गेली. पुण्यानुमोदनाला चाळीतली बरीच माणसं आली, वरळीहून आली, अँटॉप हिलवरून आली. सगळे म्हणाले, येत जाऊ. ते खोटं बोलत नव्हते. पण अकराव्या मजल्यावर सहज कोणी येत नाही. चाळीत दार उघडं असायचं आणि जाता-येता माणूस आत डोकवायचा. इथे येण्यासाठी आधी ठरवावं लागतं.

मुलगी म्हणाली, हैदराबादला या. मी पंधरा दिवस गेलो आणि परत आलो. परत आल्यावर एका रविवारी, सकाळपासून झोपेपर्यंत मी किती वाक्यं बोललो ते मोजलं. चार. त्यातली दोन लिफ्टमध्ये. त्यानंतर मी ते मोजलं नाही. आकडा एकदा कळला तेवढं पुरे होतं.

कामावर मात्र मी एक दिवस चुकवला नाही. शेक चालू असताना सकाळी डिश मोजायचो, मग हॉस्पिटलला जायचो, परत येऊन पुन्हा मोजायचो. मोजलेल्या डिश फेकत नाहीत. वाळल्या की त्या वर्षानुवर्षं टिकतात. आमच्याकडे त्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवायची पद्धत आहे. संस्थेत पेपर एकच येतो, तो पुरत नाही, म्हणून मी घरची रद्दी नेत असे. पेपरवर तारीख छापलेली असते, तो एक जादा फायदा.

यंदा आमच्याकडे कॉलन्या मोजणारा कॅमेरा आला. डिश ठेवली की काही सेकंदांत आकडा. सगळे माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मला हसू आलं. मी म्हटलं, मला निवृत्त व्हायला चार वर्षं आहेत, तोवर त्याला काय शिकवायचं ते शिकवतो. सरांनी ठरवलं की आधी यंत्र माझ्याशी जुळतं का ते पाहायचं. त्या मुलीच्या जुन्या खोक्यांमधल्या बेचाळीस डिश काढल्या. यंत्राला काळ्या टिंबांचा गोंधळ होऊ नये म्हणून मागची टिंबं स्पिरिटने पुसून घेतली. यंत्राचा आकडा एका रकान्यात, माझा वहीतला जुना आकडा दुसऱ्या रकान्यात.

साध्या डिश जुळल्या. एखाददुसऱ्याचा फरक, कधी इकडे, कधी तिकडे. औषधाच्या डिश जुळल्या नाहीत. एकवीसच्या एकवीस डिशमध्ये यंत्राला माझ्यापेक्षा जास्त कॉलन्या दिसत होत्या. कुठे तीन जास्त, कुठे पाच, एका डिशमध्ये सात.

मी सरांना म्हणालो की औषधाच्या डिशमधल्या छोट्या कॉलन्यांच्या कडा सैल असतात, यंत्राला पन्नासच्या आतल्याही कॉलन्या वाटतात. सरांनी मान डोलावली. ती मुलगी म्हणाली, "काकांचे डोळे आहेत ते." यंत्र बसवायला आलेल्या माणसाला बोलावून घेतलं आणि यंत्राची पातळी बदलायला सांगितली. विषय मिटला. मी गप्प राहिलो असतो तर तो मिटलेलाच राहिला असता.

पण चूक दोन्ही बाजूंना होते. हे माझं एकोणतीस वर्षांचं ज्ञान आहे. माणूस चुकला किंवा यंत्र चुकलं, तर काही आकडे जास्त येतात, काही कमी. एकवीसपैकी एकवीस एकाच बाजूला गेले तर त्याला चूक म्हणता येत नाही.

शनिवारी संस्थेला अर्धा दिवस असतो. सगळे गेल्यावर मी त्याच बेचाळीस डिश घेऊन बसलो. क्रमांकांवर कागदाच्या चिकटपट्ट्या लावल्या, डिश मिसळल्या आणि जुनी वही कपाटात बंद केली. मग ज्या कॉलनीबद्दल जराही शंका आली ती मायक्रोस्कोपखाली नेली, एकही सोडली नाही. दोन शनिवार लागले. शेवटी पट्ट्या काढून ताडून पाहिलं. माझा नवा आकडा यंत्राच्या पहिल्या आकड्याशी जुळत होता.

मग टिंबं न पुसलेलं एक खोकं काढलं. मायक्रोस्कोपखाली डिश उलटी ठेवून फक्त टिंब नसलेल्या कॉलन्या शोधल्या. त्यांच्यातल्या काही खरंच छोट्या होत्या, तीस, चाळीस. पण काही तशा नव्हत्या. एकीत बावन्न पेशी होत्या. एकीत सत्तावन्न. एकीत मी दोनदा मोजल्या, एकसष्ट. पाठीवर टिंब नाही. त्या कधीच्या जगल्या होत्या, माझ्या वहीत मात्र मेलेल्या होत्या.

आता प्रश्न एवढाच होता की हे कधीपासून. मी जुनी खोकी उघडत मागे मागे गेलो. तारखा पेपरवर होत्याच. एका खोक्यापर्यंत सगळं जुळत होतं, औषधाच्या डिशसुद्धा. पुढच्या खोक्यापासून जुळत नव्हतं. त्या पुढच्या खोक्यातली पहिली डिश ज्या पेपरात गुंडाळली होती, त्याच्या कडेला बॉलपेनने लिहिलेलं होतं, पेज पातळ करा.

घरची रद्दी मी न बघता उचलून आणत असे. अक्षर तिचंच होतं, र ला थोडा जास्त वाक देणारं. आणखी तीन-चार पेपरांवर होतं. डबा धुतला का. खिडकी लावा. मी ते पेपर घरी नेले नाहीत. कुठली डिश केव्हाची, याचा तोच एक पुरावा होता. डिश आणि पेपर वेगळे करणं बरोबर झालं नसतं. जसे होते तसे पुन्हा गुंडाळून ठेवले.

मन कसं फिरलं ते मला हळूहळू कळलं. औषधाची डिश कुठली हे मला पहिल्या वर्षापासून कळत होतं. कॉलन्यांच्या कडा सैल असतात, मधे मोठ्या चपट्या पेशी दिसतात. पाकीट खणात बंद असून उपयोग नव्हता. मला ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तोवर त्याने काही बिघडलंही नव्हतं, कारण शंका आली की मी डिश मायक्रोस्कोपखाली नेत होतो. शेक चालू असताना औषधाच्या डिशमध्ये मला शंकाच येईनाशी झाली. सीमेवरची कॉलनी दिसली की पेन टिंब न देता पुढे जायचं. त्या रेणूने पेशी माराव्यात असं मला वाटत होतं. नऊ मिनिटांवरच्या हॉस्पिटलात बायकोला तो रेणू नसलेले नुसते किरण मिळत होते, आणि इथे मी त्या रेणूला जिंकवत होतो.

हे सगळं कळल्यावरही मी नऊ दिवस कोणाला सांगितलं नाही. ते नऊ दिवस मला माझ्या नावावर लिहून ठेवायचे आहेत.

त्या नऊ दिवसांत ती मुलगी प्रबंधातली कोष्टकं घेऊन माझ्याकडे आली. सहा आठवड्यांत प्रबंध द्यायचा होता. "काका, तुम्ही फक्त बेरजा बघा," म्हणाली. "तुमच्या नजरेखालून गेलं की मला झोप लागेल." मी सगळी कोष्टकं तपासली. बेरजा बरोबर होत्या. तसं मी तिला सांगितलं आणि ती खुशीत गेली. मी बोललो त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि मला दुपारचा डबा जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मोजणीच्या खोलीत बोलावलं. दार लावलं आणि दोन्ही वह्या समोर ठेवल्या.

ती बराच वेळ आकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण यंत्र चुकतंय असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो. यंत्र बरोबर होतं."

"तुम्हाला औषधाच्या डिश ओळखू येतात?"

"येतात. पहिल्यापासून."

"म्हणजे मुद्दाम?"

"नाही. मोजताना मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

"कधीपासून आहे हे?"

मी तारीख सांगितली. तिने मनातल्या मनात काहीतरी मोजलं. त्या दिवसांत मी हॉस्पिटलला गेलो की डिशच्या उबदार कपाटाचं तापमान तीच बघायची. तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा लावला.

"मग सुट्टी का नाही घेतलीत काका? सगळे सांगत होते तुम्हाला."

"घरी बसून काय केलं असतं?"

तिने वह्या उचलल्या आणि दाराशी थांबून म्हणाली, "माझ्या आईने सोसायटीत सांगून ठेवलंय, डिसेंबरात डॉक्टर होणार म्हणून." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

सरांनी मला बसवून घेतलं आणि सगळं दोनदा विचारलं. मग म्हणाले, पाकिटावर मी विसंबलो, डिश ओळखता येतात का हे मी तपासायला हवं होतं. मी म्हणालो, ते तुमचं झालं, माझं माझ्याकडे राहू द्या. ठरलं असं की त्या काळातल्या सगळ्या डिश पुन्हा मोजायच्या. ज्यांनी हे औषध कधी पाहिलेलं नाही अशा दोन जणांनी, वेगवेगळं बसून. खोकी उघडायची, टिंबं पुसायची आणि नवे क्रमांक द्यायचे हे काम ती मुलगी करणार. मोजणीत ती नाही आणि मीही नाही. औषधाच्या डिश मला पुन्हा देऊ नयेत हे मीच लिहून दिलं.

पाच महिने लागले. त्या काळात ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. काका म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती, सरळ वाक्य सुरू करायची. शेजारच्या खोलीतून दोन काउंटरांची टकटक यायची. मला बसल्या जागी त्यांचा वेग कळायचा आणि कोण कुठे अडखळतंय तेही कळायचं. मी माझ्या साध्या डिश मोजायचो. त्या संपल्या की काम नसायचं.

निकाल आला. रेणू काम करतो. आम्ही समजत होतो त्यापेक्षा कमी, पण करतो. कोष्टक पुन्हा केलं, आलेख पुन्हा काढले आणि प्रबंधातलं एक प्रकरण जवळजवळ नवं लिहावं लागलं. मोजणीच्या पद्धतीत तिने एक वाक्य वाढवलं की मोजणाऱ्याला डिश ओळखता येत असल्याचं आढळल्यामुळे सर्व डिश दोन स्वतंत्र व्यक्तींनी पुन्हा मोजल्या. मी ते वाक्य वाचलं. बरोबर होतं.

प्रबंध दिल्यानंतरच्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, ती माझ्या खोलीत आली. हातात एक मोठा पुठ्ठ्याचा फोल्डर होता, चित्रकलेचे कागद ठेवतात तसला. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "काका, हे तुमचं आहे."

आत वर्तमानपत्रं होती. डिश गुंडाळलेली, प्रत्येक पान हाताने सपाट केलेलं, तारखेप्रमाणे लावलेलं. तिने डिश नव्या कागदात बांधल्या होत्या आणि जुन्या पेपरवरची तारीख प्रत्येक पुडीवर लिहून घेतली होती, म्हणजे पुरावा कुठे जाणार नव्हता.

"टाकायला गेले तर कडेला लिहिलेलं दिसलं," ती म्हणाली. "वाचलं मी. वाचायला नको होतं."

मी म्हटलं, रद्दी आहे ती, कोणीही वाचावी.

"रद्दी कुठली." ती मग समोरच्या स्टुलावर बसली आणि आपला डबा उघडला. मीही उघडला. तिने तिच्या आईच्या हातची वालाची उसळ माझ्या झाकणात वाढली. आम्ही जेवलो. ती गेल्यावर मी पानं बघितली.

बरीचशी मला दाखवलेली होती. पाणी कोमट. पेज. खिडकी. एका पानावर फॉलच्या तीन साड्यांचे रंग लिहिले होते, त्या शेजारणीला परत द्यायच्या होत्या, मी दिल्या होत्या. एक पान मात्र मी कधी पाहिलेलं नव्हतं. शेकांच्या शेवटच्या आठवड्यातलं होतं. बहुतेक मी प्रयोगशाळेत असताना, बाकावर माझी वाट बघत तिने लिहिलं असावं, आणि मी आल्यावर घडी घालून पिशवीत टाकलं असावं. खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, कोणाला दाखवायचं नसल्यासारखं लिहिलं होतं:

आज एकतीस. मीपण मोजते.

मी पान फोल्डरमध्ये तारखेच्या जागी ठेवलं. सुट्टी संपायला अजून बावीस मिनिटं होती. डिश सगळ्या सकाळीच संपल्या होत्या. मी काउंटर खणात ठेवला आणि बसून राहिलो.